बटाट्याच्या रानटी आणि लागवडीच्या प्रजाती: ओळख, गुणसूत्रांची मोजणी आणि संकराची जुळणी

रानटी बटाट्याचे बी हाती आले की पहिली चूक होते ती पाकिटावरच्या नावावर भिस्त ठेवण्याची. नाव वाचून संकर ठरतो, महिनाभर रोज सकाळी परागण होते आणि आठवड्याच्या आत कोवळी फळे पिवळी पडून गळतात. दोष झाडाचा नसतो, परागण करणाऱ्या हाताचाही नसतो. त्या दोन झाडांचे आकडे जुळत नसतात. बटाट्यात असे दोन आकडे सांभाळावे लागतात. पहिला म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे संच किती. दुसरा एंडोस्पर्म बॅलन्स नंबर, म्हणजेच ईबीएन: कोणाचा संकर कोणाशी जुळेल हे सांगणारा प्रजातीचा अंक, त्याचा हिशोब पुढे येतो. सोयीसाठी आपण ते जोडीने लिहू: दोन संच आणि ईबीएन १ असेल तर २/१, चार संच आणि ईबीएन ४ असेल तर ४/४. वहीत आणि कुंडीच्या पाटीवर हे आकडे नावाच्याही आधी लिहायची सवय लावून घ्या.

नावांचा गुंता

कंद धरणारे सगळे बटाटे सोलॅनम वंशाच्या पेटोटा या विभागात बसतात. त्यांच्या रानटी प्रजाती अमेरिकेच्या नैऋत्य भागापासून मेक्सिको, मध्य अमेरिका आणि पुढे अँडीजच्या रांगेने अर्जेंटिना-चिलीपर्यंत सापडतात. वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हॉक्स यांच्या १९९०च्या वर्गीकरणात २३२ प्रजाती होत्या, त्यांपैकी लागवडीच्या सात. डेव्हिड स्पूनर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली, डीएनएचा आधार घेऊन, हा आकडा १०७ रानटी आणि ४ लागवडीच्या प्रजातींवर आणला. बियाणे बँकांची जुनी पाकिटे मात्र हॉक्सच्या काळातली नावे घेऊनच फिरतात.

म्हणून जुन्या नावाचे आजचे नाव शोधून दोन्ही लिहा. लागवडीच्या बटाट्यांतले स्टेनोटोमम, फुरेजा, चौचा आणि अँडिजेना हे आता वेगळ्या प्रजाती मानत नाहीत. ते सोलॅनम ट्युबरोसमच्या अँडिजेनम गटात जातात. चिलीच्या सखल किनाऱ्यावरचे देशी बटाटे त्याच प्रजातीच्या चिलोटॅनम गटात येतात. उरलेल्या तीन लागवडीच्या प्रजाती म्हणजे आजनहुइरी, युझेपचुकाय आणि कर्टिलोबम. रानटींमध्ये फेंडलेराय, पॉलिट्रायकॉन आणि पापिटा ही तीन नावे आता स्टोलोनिफेरममध्ये मिळाली, तारिजेन्स बर्थॉल्टायमध्ये, मेगिस्टाक्रोलोबम बोलिव्हिएन्समध्ये आणि बुकासोव्हाय कँडोलियानममध्ये. नावापेक्षाही जपायची गोष्ट म्हणजे बियाणे बँकेचा नोंदणी क्रमांक. वर्गीकरण पुन्हा बदलले तरी क्रमांक बदलत नाही. तो गाळलेले पाकीट काही वर्षांनी निरुपयोगी होते.

इतकी नावे पडली कशी, तर रानटी बटाटे शेजाऱ्याशी सहज संकरतात आणि सावलीत, उंचीवर, कोरड्या मातीत एकाच झाडाचे पान ओळखू येणार नाही इतके बदलते. वाळवलेल्या एका फांदीवरून नवी प्रजाती जाहीर करण्याचा मोह अनेकांना पडला.

आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, पण मुळात तो कॅरिबियन बेटांवर रताळ्यासाठी होता. रताळे गारवेलीच्या कुळातले आहे, बटाटा वांगे-टोमॅटोच्या कुळातला. रताळ्याचा कंद हे फुगलेले मूळ, बटाट्याचा कंद हे जमिनीखालचे फुगलेले खोड. बटाट्याला डोळे असतात ते म्हणूनच.

झाड पाहून काय कळते

वर्गीकरणाचा अंदाज घ्यायला फुलोऱ्यातले झाड हवे. नुसत्या कंदावरून प्रजाती सांगू नका.

आधी पान पाहा. बल्बोकास्टॅनमचे पान अखंड असते, त्याला पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पाने, नसतात. मेक्सिकोच्या या प्रजातीचे फूल चांदणीसारखे, टोकदार पाकळ्यांचे. ॲकॉल जमिनीला चिकटून गुच्छासारखे वाढते, खोड जवळजवळ नसतेच. त्याची खात्रीची खूण फुलाच्या देठावर आहे. बाकीच्या बटाट्यांत देठावर एक सांधा ठळक दिसतो आणि फूल गळते ते तिथूनच. ॲकॉलमध्ये तो सांधा नसतो किंवा जेमतेम जाणवतो. भिंगाखाली देठ फिरवून पाहा. बर्थॉल्टायच्या पानावर चिकट ग्रंथींचे केस असतात, बोट फिरवले की चिकटपणा लागतो आणि मावा त्यात अडकलेला दिसतो.

लागवडीच्या दोन गटांत फरक सूक्ष्म आहे. अँडिजेनमची पाने जास्त विभागलेली, पर्णिका अरुंद, आणि पान खोडाशी लहान कोन करून वर उठलेले. चिलोटॅनमच्या पर्णिका रुंद आणि फुलाचा देठ टोकाकडे जाडसर. शंका राहिली तर दिवसाची लांबी निवाडा करते: अँडिजेनमचे झाड सुमारे १२ तासांच्या लहान दिवसातच नीट कंद धरते, उन्हाळी लांब दिवसात पाला माजतो आणि खाली काही नसते. याची एक मोठी किल्ली पाचव्या गुणसूत्रावरच्या सीडीएफ१ या जनुकात आहे. हरितलवकाच्या डीएनएतही खूण आहे. बहुतेक चिलोटॅनम वाणांत २४१ बेसजोड्यांचा एक तुकडा गळालेला असतो आणि साध्या पीसीआरने तो तपासता येतो. २००५ साली डीएनएच्या आधारे झालेल्या अभ्यासात भारतातले जुने देशी वाण अँडीजपेक्षा चिलीच्या बटाट्यांशी जवळचे निघाले, त्याआधीचा समज उलटा होता.

कंद न धरणारी, पण बटाट्यासारखीच दिसणारी झाडे आढळली तर ती इट्युबरोसम गटातली असू शकतात. हा गट पेटोटाच्या बाहेर आहे. २०२५ साली जाहीर झालेल्या जीनोम अभ्यासानुसार सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी टोमॅटोचे पूर्वज आणि या इट्युबरोसमचे पूर्वज यांच्या संकरातून बटाट्याचा वंश सुरू झाला. कंद धरायला लागणारे एसपी६ए हे जनुक टोमॅटोच्या बाजूचे आणि आयटी१ हे इट्युबरोसमच्या बाजूचे. दोन्ही पालकांना कंद नाहीत, दोन जनुके एकत्र आली आणि कंद तयार झाला.

संच मोजणे

बटाट्याचा मूळ संच १२ गुणसूत्रांचा. द्विगुणितात २४, त्रिगुणितात ३६, चतुर्गुणितात ४८, पंचगुणितात ६० आणि षड्गुणितात ७२. बाजारातला आपला बटाटा चतुर्गुणित.

पटकन चाळणी करायची असेल तर पर्णरंध्राच्या दोन रक्षक पेशींतली हरितलवके मोजा. शेंड्यापासून तिसरे-चौथे, नुकतेच पूर्ण उघडलेले पान घ्या. पान मोडून खालच्या बाजूची पातळ साल चिमट्याने ओढा, काचपट्टीवर पसरा, आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचा एक थेंब टाका आणि काही मिनिटे थांबा. ४०० पट मोठे करून पाहिले की हिरवट-तपकिरी ठिपके मोजता येतात. जोडीमागे १२ ते १६ आले तर झाड बहुधा द्विगुणित, २० च्या वर गेले तर चतुर्गुणित. एका पानावरच्या किमान दहा जोड्या मोजून सरासरी काढा आणि शेजारी संचसंख्या माहीत असलेल्या झाडाची साल ठेवा. म्हातारे पान आणि सावलीतले पान घेतले की आकडे भरकटतात. त्रिगुणित आणि चतुर्गुणित यांच्यातली सीमा या पद्धतीने नीट कळत नाही.

पक्का आकडा मुळाच्या टोकातूनच मिळतो. मोड आलेल्या कंदाची किंवा रोपाची एक-दोन सेंटिमीटर लांब, पांढरी, जोमदार मुळे सकाळी तोडा. ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनच्या ०.००२ मोलर द्रावणात, म्हणजे लिटरमागे ०.२९ ग्रॅम, थंड जागी अंधारात सुमारे चार तास ठेवा. याने पेशीविभाजन मधल्या टप्प्यावर थांबते आणि गुणसूत्रे आखूड होऊन सुटी दिसतात. मग तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड यांच्या ताज्या मिश्रणात २४ तास. लगेच काम नसेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रीजमध्ये ठेवा. पुढे १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंश सेल्सिअसला आठ ते दहा मिनिटे, धुणे, ॲसिटोकार्मिनचा रंग, आणि फक्त टोकाचा दीड मिलिमीटर तुकडा काचपट्टीवर घेऊन वर आच्छादक काच ठेवून अंगठ्याने सरळ दाब. दाबताना काच सरकली की सगळी मेहनत वाया, कारण पेशी फाटून एकीची गुणसूत्रे दुसरीत मिसळतात.

बटाट्याची गुणसूत्रे फार लहान, बहुतेक एक ते साडेतीन मायक्रॉनची. एका पेशीत ४६ आणि दुसरीत ४७ मोजली गेली म्हणून झाड विचित्र ठरवू नका. दोन गुणसूत्रे एकमेकांवर पडली असतात किंवा एखादे दाबताना बाहेर निसटलेले असते. पाच ते दहा स्वच्छ पेशी मोजा आणि वारंवार येणारा मोठा आकडा धरा. ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिलेले मूळ रंग घेत नाही, कमी राहिलेले पसरत नाही. नव्या माणसाला बहुतेक वेळा दुसरी अडचण येते.

ईबीएन

बियातल्या गर्भाला पोसणारा भ्रूणपोष नीट वाढायला त्यात आईचा वाटा बापाच्या दुप्पट लागतो. हा वाटा गुणसूत्रांच्या संख्येने ठरत नाही, प्रजातीला दिलेल्या एका अंकाने ठरतो, ही कल्पना १९८० साली जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी मांडली. हिशोब सोपा आहे. आईकडून भ्रूणपोषात दोन केंद्रके येतात, म्हणून तिचा पूर्ण ईबीएन मोजा. बापाकडून एकच येते, म्हणून त्याचा अर्धा. दोघांचा ईबीएन सारखा असेल तर प्रमाण आपोआप २:१ होते. संचसंख्या वेगळी असली तरी चालते.

नेहमी लागणारे आकडे असे: बल्बोकास्टॅनम आणि कॉमर्सोनाय २/१, चाकोएन्स आणि लागवडीचे द्विगुणित अँडिजेनम २/२, ॲकॉल आणि स्टोलोनिफेरम ४/२, आपला बटाटा ४/४, डेमिसम ६/४.

यावरून कोडी सुटतात. डेमिसम आणि बटाटा यांचा संकर सरळ होतो, कारण दोघांचा ईबीएन ४, म्हणजे वाटे ४:२, आणि पंचगुणित रोप मिळते. डेमिसमला मादी केले तर काम जास्त सोपे. उशिरा येणाऱ्या करप्याविरुद्धची आर जनुके बटाट्यात आली ती मुख्यतः याच वाटेने. सरळ वाट असल्यामुळे तिच्यावर भार फार पडला. एकेकट्या आर जनुकावर उभे केलेले वाण करप्याच्या नव्या प्रकारांपुढे टिकले नाहीत. दोन-तीन वेगवेगळी जनुके एकत्र आणल्याशिवाय हा उद्योग करू नये असे आम्ही ठामपणे सांगू.

बटाटा मादी आणि चाकोएन्स नर: वाटे ४:१, फळ गळणार. पण चाकोएन्सच्या काही झाडांत परागकण अर्धे न होता पूर्ण संच घेऊन येतात. मग बापाचा वाटा १ ऐवजी २ होतो, ४:२ जुळते आणि चतुर्गुणित संतती मिळते. असा परागकण ॲसिटोकार्मिनच्या थेंबात ओळखता येतो. त्याचा व्यास नेहमीच्या कणाच्या सव्वापट असतो, कारण घनफळ दुप्पट असते. ज्या झाडात असे कण दिसतील त्याला वेगळी पाटी लावा, ते झाड मोलाचे आहे.

हाच हिशोब अँडीजच्या शेतांत कोणी न शिकवता झाला. ॲकॉल ४/२ आणि स्टेनोटोमम २/२ यांचा ईबीएन सारखा. ॲकॉलकडून २४ आणि स्टेनोटोममकडून १२ गुणसूत्रे येऊन ३६ गुणसूत्रांचा युझेपचुकाय झाला, ३/२. याने कधीतरी न अर्धावलेला, ३६ गुणसूत्रांचा बीजांड दिला. त्यावर ४/४ अँडिजेनमचा पराग पडला: आईचा वाटा दुप्पट होऊन ४, बापाचा २. प्रमाण जुळले, ३६ आणि २४ मिळून ६० झाले आणि कर्टिलोबम जन्मला. दोन्ही कडू, दोन्ही दहिवराला दाद न देणारे. पेरू-बोलिव्हियाच्या पठारावरचे शेतकरी ते रात्री गोठवून, पायाने तुडवून, उन्हात वाळवून चुन्यो करतात, त्यात कडवट अल्कलॉइड निघून जातात.

२/१ प्रजाती आणायच्या तर पूल बांधावा लागतो. कॉमर्सोनायचे संच कोल्चिसिनने दुप्पट करा, ते ४/२ होते. मग २/२ फुरेजाशी संकर करा, त्रिगुणित मिळेल. त्याचे न अर्धावलेले बीजांड ४/४ बटाट्याचा पराग स्वीकारतात आणि पंचगुणित रोपे येतात. पुढे बटाट्याशी पुन्हा पुन्हा संकर. बल्बोकास्टॅनमसाठी १९७३ साली हर्मसेन आणि रमण्णा यांनी ॲकॉल, बल्बोकास्टॅनम, फुरेजा, बटाटा अशी चार पायऱ्यांची साखळी केली. तिची पहिली पायरी ईबीएनच्या नियमाबाहेरची आहे, म्हणून ती भरपूर फुलांवर करावी लागते आणि हाती मोजकी रोपे येतात.

कोल्चिसिन विषारी आहे, हातमोज्यांशिवाय बाटली उघडू नका. आणि दुप्पट झालेले झाड फक्त हरितलवके मोजून पास करू नका. पर्णरंध्रे बाहेरच्या थरातून होतात, पराग आणि बीजांड त्याच्या आतल्या थरातून. बाहेरचा थर चतुर्गुणित आणि आतला द्विगुणितच, असे मिश्र झाड नेहमी होते. परागाचा आकार मोजा, तिथे खरे कळते.

चौपदरी वारसा

४८ गुणसूत्रांच्या बटाट्यात प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असतात आणि कोणतीही प्रत कोणत्याही प्रतीशी जोडी करते. म्हणून मेंडेलचे ३:१ इथे आंधळेपणाने लावू नका. प्रबळ जनुकाची एक प्रत असलेल्या झाडाचा, ते जनुक नसलेल्या झाडाशी संकर केला तर १:१. दोन प्रती असतील तर ५:१, आणि त्याच झाडाचे स्वपरागण केले तर ३५:१. तीन प्रती असतील तर जवळजवळ सगळी संतती गुण घेऊन येते. सूत्रकृमीविरुद्धच्या एच१ किंवा विषाणूविरुद्धच्या आरवाय जनुकासाठी पालक निवडताना त्याच्या किती प्रती आहेत हे आधी शोधा. २४ रोपांची चाचणी पुरते: १२ च्या आसपास निरोगी निघाली तर एक प्रत, २० च्या आसपास निघाली तर दोन.

अप्रबळ गुण शोधताना रोपांची संख्या वाढते. द्विगुणितात ३:१ असताना ९५ टक्के खात्रीसाठी ११ रोपे पुरतात. चतुर्गुणितात ३५:१ असेल तर १०७ लागतात. अनेक जण ३० रोपे लावून गुण नाहीच असे ठरवतात, ते चूक आहे.

याच कारणाने चतुर्गुणिताचा द्विगुणित करून काम करतात. चतुर्गुणित मादीवर फुरेजाच्या आयव्हीपी१०१सारख्या झाडाचा पराग टाकला की काही बीजांड फलनाशिवाय वाढतात. आयव्हीपी१०१मध्ये गर्भावर जांभळा ठिपका देणारे प्रबळ जनुक आहे. बी ओले करून भिंगाखाली पाहा: ठिपका असलेले बी संकरित, टाकून द्या. बिनठिपक्याचे ठेवा आणि रोप झाल्यावर हरितलवके मोजून खात्री करा. द्विगुणित बटाटे बहुतेक स्वतःचा पराग नाकारतात, त्यासाठी चाकोएन्समधून मिळालेले, बाराव्या गुणसूत्रावरचे एसएलआय जनुक आणावे लागते.

प्रत्यक्ष संकर

फुलांसाठी १४ ते १६ तासांचा दिवस आणि १५ ते २० अंश तापमान हवे. पुण्यात डिसेंबरचा दिवस ११ तासांचा, त्यामुळे रब्बीत कळ्या येऊन गळतात. भारतात संकराचे काम हिमाचलातल्या कुफरीत होते ते तिथल्या उन्हाळी लांब आणि थंड दिवसांमुळे, वाणांच्या नावापुढचे कुफरी तिथलेच. कळ्या टिकत नसतील तर कंद विटेवर ठेवून मातीने झाका, मुळे विटेच्या कडांवरून खाली गेली की वरची माती धुऊन कंद उघडा करा आणि नवे भूस्तारी, म्हणजे ज्यांच्या टोकाला कंद धरतात ते फाटे, तोडत राहा. किंवा टोमॅटोच्या खुंटावर कलम करा. दोन्हींत अन्न कंदाऐवजी फुलाकडे जाते.

एका झुबक्यात चार-पाच फुगीर, पाकळ्यांचा रंग दिसू लागलेल्या पण न उघडलेल्या कळ्या ठेवा, बाकी काढा. चिमट्याने पाचही परागकोश काढा, कुक्षीला धक्का लावू नका. नराची ताजी फुले आदल्या दिवशी तोडून परागकोश कागदावर रात्रभर सुकवा. पराग टोकाच्या छिद्रातून पडतो, म्हणून इलेक्ट्रिक टूथब्रश देठाला लावून कंपन दिले की छोट्या कुपीत भरपूर जमा होतो. सिलिका जेलबरोबर उणे २० अंशांना तो टिकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुक्षी कुपीत बुडवा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चिलीच्या पेशीद्रव्याचे अनेक वाण नर म्हणून वांझ असतात, त्यांना मादीच करा. मादी चिलोटॅनम आणि नर अँडिजेनम असा संकर केला तर संततीत वांझपण येऊ शकते, उलट केला तर सहसा नाही.

फळ धरले की जाळीची पिशवी बांधा. सहा आठवड्यांनी काढून मऊ होईपर्यंत ठेवा. ही फळे विषारी आहेत, मुलांपासून दूर ठेवा. गर कुस्करून बी धुवा, १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये दहा-पंधरा मिनिटे बुडवून पुन्हा धुवा आणि सावलीत वाळवा. पेरणीआधी १५०० पीपीएम जिबरेलिक ॲसिडमध्ये, म्हणजे लिटरमागे दीड ग्रॅम, २४ तास भिजवा, नाहीतर ताजे बी महिनोन्‌महिने उगवत नाही. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा.

रोप चार पानांवर आले की गुणसूत्रे पुन्हा मोजा. ६/४ मादी आणि ४/४ नर यांच्या संकरातून ६० ऐवजी ७२ मोजली गेली तर मादीचा स्वतःचाच पराग आत शिरला आहे, ते रोप काढून टाका. पहिल्या हंगामात प्रत्येक रोपाखाली सुपारीएवढे थोडेच कंद मिळतात. रोपागणिक वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर मादी आधी आणि नर नंतर, दोघांचे नोंदणी क्रमांक आणि जोडआकडे पेन्सिलीने लिहा. शाई ओलीत पसरते.